वॉल्टर डीन मायर्स यांची कुमार कादंबरी : कथनाच्या अधिकाराचा प्रश्न

१. प्रास्ताविक

आफ्रिकी-अमेरिकन साहित्याचा मराठी अभ्यासकांना झालेला परिचय मुख्यतः दलित साहित्याच्या चर्चेच्या ओघात झालेला आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. कृष्णवर्णीयांची कविता, त्यांची आत्मकथने आणि रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, टोनी मॉरिसन यांच्यासारख्यांच्या कादंबऱ्या या निमित्ताने चर्चेत आल्या. मात्र या चर्चेचा भर प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या साहित्यावरच राहिला. त्याच समाजातून, त्याच अनुभवातून, परंतु बारा ते अठरा या वयोगटातील वाचकाला समोर ठेवून निर्माण झालेल्या कादंबरीची दखल त्या मानाने फारशी घेतली गेली नाही.

या कादंबरीला अमेरिकेत ‘यंग अ‍ॅडल्ट’ कादंबरी म्हणतात. मराठीतील ‘कुमार साहित्य’ ही संज्ञा तिला जवळची असली, तरी ती तंतोतंत समानार्थी नाही. कुमार साहित्य म्हटले की साहस, शौर्य, रहस्य आणि संस्कार यांची अपेक्षा मनात येते. अमेरिकेतील या कादंबरीने मात्र १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तुरुंग, युद्ध, व्यसन आणि मृत्यू हे विषय कुमारवयीन वाचकापुढे उघडपणे मांडले. वॉल्टर डीन मायर्स (१९३७–२०१४) हे या प्रवाहातील एक प्रमुख लेखक होत. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. या सर्व लेखनाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. कृष्णवर्णीय मुलाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार त्या मुलाच्या हाती आल्यानंतर पुढे काय होते, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने त्यांच्या निवडक कादंबऱ्यांचा विचार येथे केला आहे.

२. जीवन : अक्षर आणि अबोलपणा

मायर्स यांचा जन्म १२ ऑगस्ट १९३७ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सबर्ग येथे झाला. त्यांचे जन्मनाव वॉल्टर मिल्टन मायर्स. आई लहानपणीच वारली. त्यांच्या वडिलांची पहिली पत्नी फ्लॉरेन्स आणि तिचे पती हर्बर्ट डीन यांनी या मुलाला आपलेसे केले व न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीत वाढविले. या पालक मातापित्यांविषयीची कृतज्ञता म्हणून त्यांनी पुढे आपल्या नावात ‘डीन’ हे नाव गुंफले.

त्यांच्या घडणीतील तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे त्यांच्या वाणीतील दोष. वर्गात मोठ्याने वाचताना शब्द अडखळत, मुले हसत, आणि त्याचे पर्यवसान मारामारीत होई. उच्चारता येतील असे शब्द निवडून स्वतःच काही लिहावे आणि तेच वाचावे, अशी सूचना एका शिक्षकाने केली. लेखनाशी झालेली त्यांची पहिली ओळख ही अशी बोलता न येण्याच्या अडचणीतून झालेली आहे. दुसरी गोष्ट वाचनाची. फ्लॉरेन्स डीन यांनी त्यांना घरीच वाचायला शिकविले. पुढे सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तके हा त्यांचा मोठा आधार बनला. परंतु वस्तीतील मुलांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती पुस्तके कागदी पिशवीत दडवून आणावी लागत. वाचणारा मुलगा आणि वस्तीतला मुलगा या दोन ओळखी एकत्र नांदू शकत नाहीत, असा समज बाहेरच्या समाजाचा होता, तसाच वस्तीचाही होता.

तिसरी गोष्ट सर्वांत विदारक आहे. मायर्स यांची पुस्तके प्रसिद्ध होऊ लागल्यावरही हर्बर्ट डीन त्यांविषयी कधी काही बोलत नसत. या मौनाचे शल्य मुलाच्या मनात राहिले. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची कागदपत्रे पाहताना त्याला उमगले, की त्यांना वाचताच येत नव्हते. ज्याने मुलाला नाव दिले, त्याला त्या नावाने छापलेले एकही पुस्तक वाचता आले नाही. मायर्स यांच्या कादंबऱ्यांत बाप आणि मुलगा यांच्यामधील न बोललेल्या गोष्टींना जे स्थान आहे, त्याच्या मुळाशी हा अनुभव असावा.

स्टायव्हेसन्ट हायस्कूल या नामांकित शाळेत प्रवेश मिळूनही मायर्स यांनी शिक्षण अर्धवट सोडले. महाविद्यालयाचा खर्च घराला झेपणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. वयाच्या सतराव्या वर्षी ते सैन्यात दाखल झाले. सैन्यातून परतल्यावर त्यांनी मिळेल ती नोकरी केली व सोबत लेखन चालू ठेवले. १९७० ते १९७७ या काळात ते बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेत संपादक होते. अपुरे राहिलेले पदवीचे शिक्षण त्यांनी १९८४ मध्ये, म्हणजे लेखक म्हणून मान्यता मिळाल्यानंतर, पूर्ण केले. ‘बॅड बॉय’ (२००१) या आत्मकथनात त्यांनी या सर्व काळाचा वृत्तान्त दिला आहे.

३. साहित्यिक पार्श्वभूमी

मायर्स यांच्या लेखनाचा प्रारंभ ज्या परिस्थितीत झाला, ती समजून घेणे आवश्यक आहे. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांचा अमेरिकी बालसाहित्याच्या ‘सर्वश्वेत’ जगाविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५२०६ बालपुस्तकांची त्यांनी पाहणी केली होती. त्यांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्के पुस्तकांत, एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली. या अभावाच्या जाणिवेतून आंतरवांशिक बालसाहित्यासाठी एक परिषद स्थापन झाली आणि तिने कृष्णवर्णीय लेखकांसाठी स्पर्धा सुरू केली. १९६८ च्या स्पर्धेत मायर्स यांचे हस्तलिखित निवडले गेले. ‘व्हेअर डझ द डे गो?’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९६९ मध्ये निघाले.

परंतु केवळ संधी मिळाल्याने लेखकाला स्वतःचा विषय सापडतोच असे नाही. शाळेत वाचलेल्या इंग्रजी साहित्यातील माणसे आपल्यासारखी नाहीत, ही जाणीव मायर्स यांना फार पूर्वीच झाली होती. बाल्डविन यांची ‘सॉनीज ब्लूज’ ही हार्लेममधील दोन भावांची कथा वाचल्यानंतर आपल्या परिसराविषयी लिहिण्याची जणू परवानगीच मिळाली, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. ‘परवानगी’ ही कल्पना येथे अर्थपूर्ण आहे. आपली गल्ली, आपली बोली, आपली माणसे ही साहित्याला वर्ज्य नाहीत, हे आधी कोणीतरी लिहून दाखवावे लागते. मायर्स यांच्या लेखनाची प्रेरणा हीच परवानगी पुढच्या पिढीतील वाचकाला देण्याची आहे.

‘फास्ट सॅम, कूल क्लाइड अँड स्टफ’ (१९७५) या पहिल्या कुमार कादंबरीत हे स्पष्ट दिसते. हार्लेममधील मुलामुलींचा एक गट, त्यांची मैत्री, थट्टामस्करी, पोलिसांशी होणारे गैरसमज आणि अधूनमधून डोकावणारा मृत्यू असे तिचे स्वरूप आहे. निवेदक स्टफ हा त्या गटातलाच मुलगा आहे. वस्तीचे दारिद्र्य त्याला दिसते. पण तो वस्तीला ‘समस्या’ म्हणून ओळखत नाही, घर म्हणून ओळखतो.

४. ‘स्कॉर्पियन्स’ आणि ‘फॉलन एंजल्स’

१९८८ हे वर्ष मायर्स यांच्या लेखनातील महत्त्वाचा टप्पा होय. या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन कादंबऱ्यांत कथनाचा प्रश्न अधिक गंभीर रूपात पुढे येतो.

‘स्कॉर्पियन्स’चा नायक जमाल हिक्स हा बारा वर्षांचा आहे. त्याचा मोठा भाऊ रँडी खुनाच्या गुन्ह्याखाली तुरुंगात आहे आणि त्याच्या अपिलासाठी घरात पैसा नाही. रँडीच्या टोळीचे नेतृत्व जमालने स्वीकारावे, अशी गळ त्याला घातली जाते आणि त्याच्या हाती पिस्तूल येते. कादंबरी तृतीयपुरुषी निवेदनात आहे. जमालविषयी सर्वजण काही ना काही ठरवून बसलेले असतात. मुख्याध्यापकांना तो शाळेतून गेलेला हवा आहे. शाळेला त्याच्या अस्वस्थतेवर गोळ्या हा उपाय सुचतो. टोळीतील मुलांना तो पोरकट वाटतो. जमालला चित्रे काढता येतात, पण स्वतःविषयी बोलण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नाहीत. शब्दांची ही उणीव पिस्तूल भरून काढते; ते जवळ असताना लोक त्याचे ऐकतात. अखेर गोळी झाडतो तो जमालचा भित्रा, सालस मित्र टिटो, आणि तीही जमालला वाचविण्यासाठी. या कृत्याचे ओझे टिटोला पेलवत नाही. तो पोर्तो रिकोला परत पाठविला जातो. पिस्तुलाने जमालला क्षणभर मिळालेला आवाज त्याचा एकमेव मित्र हिरावून घेतो, ही या कादंबरीची शोकात्म परिणती आहे.

‘फॉलन एंजल्स’मध्ये प्रथमपुरुषी निवेदन आहे. हार्लेममधील सतरा वर्षांचा रिची पेरी १९६७ मध्ये व्हिएतनामला पोचतो. हुशार असूनही महाविद्यालयात जाणे परवडत नाही म्हणून त्याने सैन्याची वाट धरलेली आहे. लेखकाच्या चरित्राशी असलेले हे साम्य उघड आहे. त्याहून खोल असलेला संबंध असा, की मायर्स यांचा धाकटा भाऊ १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. ही कादंबरी त्यालाच अर्पण केलेली आहे.

लढाईची वर्णने हे या कादंबरीचे बलस्थान मानले जाते. तथापि पेरीच्या पत्रांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. त्याला आईला आणि लहान भावाला पत्र लिहायचे असते, पण पाहिलेले आणि केलेले यांपैकी काय सांगावे हे कळत नाही. लेफ्टनंट कॅरोल मारला जातो, तेव्हा त्याच्या पत्नीला पत्र लिहिण्याचे काम पेरीवर येते. सैन्याची भाषा अशा वेळी तयार असते. मृत्यूची नोंद ठरावीक शब्दांत करता येते. पेरीला मात्र त्या भाषेपलीकडचे काही लिहायचे आहे. कादंबरीत जे तपशिलाने आलेले आहे, तेच पत्रांतून घरी पोचत नाही. वाचकाच्या हाती पडते ती अशा रीतीने न लिहिल्या गेलेल्या पत्रांची कादंबरी. भाषेतील शिव्या आणि हिंसा यांमुळे शाळांमधून तिच्यावर वारंवार आक्षेप घेतले गेले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० ते १९९९ या दशकातील सर्वाधिक आक्षेपित पुस्तकांची जी यादी केली, तीत या कादंबरीचा समावेश आहे. सतरा वर्षांच्या मुलाला युद्धावर पाठविणे ज्या समाजाला मान्य आहे, त्या समाजाने त्याच वयाच्या वाचकाला युद्धाची भाषा वर्ज्य ठरवावी, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

‘समव्हेअर इन द डार्कनेस’ (१९९२) या कादंबरीत कथन बापाच्या बाजूने येते. तुरुंगातून पळालेला, मरणासन्न क्रॅब आपला मुलगा जिमी याला घेऊन न्यूयॉर्कहून शिकागोमार्गे आर्कान्सासकडे निघतो. खुनाचा ठपका खोटा आहे, हे मुलाला पटवून देणे एवढीच त्याची इच्छा असते. मुलाने आपली कहाणी ऐकावी म्हणून बापाने केलेला हा प्रवास वाचताना हर्बर्ट डीन यांच्या मौनाचे स्मरण होते.

५. ‘मॉन्स्टर’ : कथनाचा अधिकार आणि जबाबदारी

‘मॉन्स्टर’ (१९९९) ही मायर्स यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी होय. कुमार साहित्यासाठी नव्याने सुरू झालेला मायकेल प्रिंट्झ पुरस्कार २००० मध्ये प्रथम तिलाच मिळाला. तिचे कथानक थोडक्यात असे : हार्लेममधील एका औषधदुकानात दरोडा पडतो आणि झटापटीत दुकानमालक नेस्बिट यांचा स्वतःच्याच पिस्तुलाने मृत्यू होतो. सोळा वर्षांच्या स्टीव्ह हार्मनवर आरोप असा, की दरोड्यापूर्वी दुकानात जाऊन आत पोलीस नाहीत ना, हे त्याने पाहून घेतले. गंभीर गुन्हा घडत असताना मृत्यू झाल्यास त्या गुन्ह्यात सहभागी असलेला प्रत्येकजण खुनाला जबाबदार ठरतो, हे त्या कायद्याचे तत्त्व. त्यामुळे स्टीव्हने गोळी झाडली नसली, तरी त्याचे सारे आयुष्य पणाला लागलेले आहे.

स्टीव्ह शाळेत चित्रपटनिर्मिती शिकतो. खटल्याचा अनुभव सहन करण्यासाठी तो त्याची पटकथा लिहू लागतो. कादंबरीत ही पटकथा आणि त्याची रोजनिशी आलटूनपालटून येतात. सरकारी वकील समाजातील अशा गुन्हेगारांना ‘मॉन्स्टर’, म्हणजे राक्षस, म्हणते. स्टीव्ह तो शब्द आपल्या वहीत पुनःपुन्हा लिहितो. त्याची वकील ओब्रायन ते सर्व शब्द खोडून टाकते. तरीही तो आपल्या पटकथेला तेच नाव देतो. इतरांनी लादलेले नाव स्वतः उच्चारून त्याची सत्ता मोडण्याचा हा प्रयत्न आहे, असे प्रथमदर्शनी वाटते.

मात्र मायर्स येथे थांबत नाहीत. या रचनेमागील एक निरीक्षण त्यांनी सांगितले आहे. तुरुंगातील कैद्यांच्या मुलाखती घेताना त्यांच्या लक्षात आले, की हे लोक आपल्या आयुष्याविषयी ‘मी’ म्हणून बोलतात. गुन्ह्याचा विषय निघाला की त्यांच्या भाषेतील ‘मी’ मागे सरतो आणि ते स्वतःकडे त्रयस्थासारखे पाहू लागतात. ‘मॉन्स्टर’मधील दोन लेखनप्रकार याच दुभंगाची रूपे आहेत. रोजनिशीत ‘मी’ आहे. पटकथेत स्टीव्ह हे एक पात्र आहे; त्याला दुरून किंवा जवळून दाखविता येते, नको तेव्हा चौकटीबाहेर ठेवता येते. दरोड्यापूर्वी तो दुकानात काय करीत होता, हे पटकथा निःसंदिग्धपणे दाखवीत नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात तो त्या दिवशी दुकानात गेलोच नव्हतो, असे सांगतो. रोजनिशीत मात्र तो केवळ पुदिन्याच्या गोळ्या पाहायला आत गेला आणि बाहेर आला, असे लिहिलेले आढळते. ही विसंगती सूक्ष्म असली, तरी तिच्यावर कादंबरीचा नैतिक तोल उभा आहे. साक्ष देण्यापूर्वी ओब्रायन त्याच्याकडून उत्तरांचा सराव करून घेते, या प्रसंगाने न्यायालयातील ‘स्वतःचा आवाज’ हाही कसा घडविलेला असतो, हे ध्यानात येते.

स्टीव्ह निर्दोष सुटतो. आनंदाने तो ओब्रायनला मिठी मारण्यासाठी हात पसरतो आणि ती ताठरपणे बाजूला वळते. तिला आपल्यात काय दिसले, हा प्रश्न त्याला सोडत नाही. सुटकेनंतर तो स्वतःचेच चित्रण करीत राहतो. वडील दुरावलेले असतात. कायद्याने दिलेला निर्णय त्याला पुरत नाही, कारण त्याला हवा असलेला निर्णय स्वतःविषयीचा आहे.

येथे मायर्स यांच्या विचारातील विकास दिसून येतो. जमालजवळ शब्द नव्हते. पेरीजवळ शब्द होते, परंतु सत्य पोचविण्यास ते अपुरे होते. स्टीव्हजवळ शब्द, प्रतिमा आणि तंत्र हे सर्व आहे; आणि नेमके त्यामुळेच त्याला सत्य लपविणेही शक्य होते. कथनाचा अधिकार मिळविणे ही मुक्ती खरी, पण ती अर्धी मुक्ती. जो स्वतःची कथा सांगतो, त्याच्यावर ती खरी सांगण्याची जबाबदारीही येते. वंशभेदाने त्याच्यावर अन्याय केलेला आहे, या वस्तुस्थितीने ही जबाबदारी संपत नाही. आणि ही जबाबदारी आहे म्हणून तो अन्याय क्षम्यही ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कुमारवयीन वाचकापुढे ठेवून निवाडा त्याच्यावर सोपविणे, हे या कादंबरीचे खरे धाडस आहे.

६. मर्यादा आणि मूल्यमापन

मायर्स यांच्या लेखनावर काही आक्षेप घेता येतात. टोळी, तुरुंग आणि पिस्तूल यांच्या वारंवार येण्याने कृष्णवर्णीय मुलाविषयीची रूढ प्रतिमाच दृढ होते, हा त्यांपैकी एक. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु ‘नाऊ इज युवर टाइम!’ (१९९१) हा आफ्रिकी-अमेरिकनांचा इतिहास, माल्कम एक्स यांचे चरित्र (१९९३), अठराव्या शतकातील गुलामगिरीपासून एका कुटुंबाच्या अनेक पिढ्यांची कथा सांगणारी ‘द ग्लोरी फील्ड’ (१९९४), आणि मुलगा ख्रिस्तोफर याच्या चित्रांसह आलेले ‘हार्लेम’ (१९९७) हे काव्य लक्षात घेता त्यांच्या दृष्टीचा आवाका केवळ गुन्हेगारीपुरता नव्हता, हे मान्य करावे लागते. दुसरा आक्षेप अधिक ग्राह्य आहे. त्यांच्या प्रमुख कादंबऱ्यांत मुलाच्या अंतर्विश्वाला जी खोली लाभते, ती मुलींच्या वाट्याला क्वचित येते. आई, बहीण, वकील या स्त्रिया बहुधा नायकाकडे पाहणाऱ्या नजरा म्हणून वावरतात.

२०१२–१३ या काळात मायर्स हे अमेरिकेचे कुमार व बालसाहित्याचे राष्ट्रीय दूत होते. वाचन ही ऐच्छिक बाब नाही, हे त्यांनी आपल्या कार्याचे सूत्र म्हणून निवडले. मार्च २०१४ मध्ये, मृत्यूपूर्वी अवघे काही महिने, त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेल्या लेखाचा आधार पुन्हा एक पाहणीच होती : २०१३ मधील सुमारे ३२०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांविषयीची पुस्तके फक्त ९३, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. दोन्ही पाहण्यांचे निकष वेगळे असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरी लॅरिक यांच्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने तोच प्रश्न विचारावा लागावा, ही बाब अस्वस्थ करणारी आहे. पुस्तकात स्वतःला न पाहणाऱ्या मुलाचे नुकसान होतेच. त्याला पुस्तकात कधीच न भेटलेला शिक्षक, अधिकारी किंवा पंच पुढे त्याच्याविषयी निर्णय घेतो, तेव्हा त्या नुकसानीला सामाजिक रूप येते, असा त्या लेखाचा आशय आहे. ‘मॉन्स्टर’मधील न्यायालय हे याच विचाराचे कथारूप म्हणता येईल. १ जुलै २०१४ रोजी मायर्स यांचे निधन झाले.

मराठीच्या अभ्यासकाला या लेखनातून एक प्रश्न घेता येण्याजोगा आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांत वंचित बालपणाचे जे दर्शन घडले, ते प्रौढ वाचकापुढे मांडलेले होते. जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातीतील मुलाची कहाणी मराठीत आहे. पण त्या वयाच्या वाचकाला उद्देशून ती किती प्रमाणात सांगितली गेली, याचा शोध घेतला गेला पाहिजे. कुमार वाचकाला कठोर वास्तव पेलणार नाही, या गृहीतकाची तपासणी करण्यासाठी मायर्स यांच्या कादंबऱ्या उपयुक्त ठरतात. ज्या मुलांना ते वास्तव जगावे लागते, त्यांना ते वाचता येईल की नाही ही शंका मुळातच विचित्र आहे.